टर्बो गाडीची ताकद वाढवताय? आधी मे महिन्याचा हिशेब करा

दारव्हा, वरूड किंवा हिंगणघाटच्या बाजारात उभ्या असलेल्या गाड्या बघा. डिझेल गाड्यांना टर्बो कधीचाच आहे. आता नेक्सॉन, व्हेन्यू, टायगूनसारख्या पेट्रोल गाड्यांतही तो सर्रास असतो. त्यातच जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाण्याच्या गावांतली पोरं आता ताशी १२० च्या मर्यादेचा रस्ता रोज बघतात. मोबाइलवर रिमॅपची, म्हणजे गाडीच्या संगणकात बदल करून देण्याची, जाहिरात येते: इंजिन न उघडता, एका तासात, वीस-पंचवीस टक्के जास्त ताकद.

ही जाहिरात खोटी नसते. ताकद खरंच वाढते. पण गावातल्या घरी बहुतेक एकच गाडी असते. सकाळी ती पांदण रस्त्याने शेतात जाते, दुपारी तालुक्याला, आणि रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तीच काढावी लागते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर साठ-सत्तर किलोमीटर लांब. अशा गाडीत काय बदलावं, काय बदलू नये आणि कोणत्या क्रमाने बदलावं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

टर्बो करतो तरी काय?

इंजिनात किती इंधन जळतं यावर ताकद ठरते, आणि इंधन किती जळणार हे आत हवा किती जाते यावर. साधं इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढीच त्याला मिळते. टर्बोत एकाच दांड्यावर पात्यांची दोन चक्रं असतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराने एक चक्र फिरतं, आणि त्याच्यासोबत फिरणारं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. या दाबाला बूस्ट म्हणतात. म्हणूनच एक लिटरचं छोटं इंजिन दीड-दोन लिटरच्या साध्या इंजिनासारखं ओढतं.

हा दांडा जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला येणारा धूर नऊशे अंशांच्या पुढे तापलेला असू शकतो. आणि एवढ्या वेगाच्या दांड्याला बहुतेक गाड्यांत आधार असतो तो फक्त इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. टर्बोच्या आयुष्याचा निम्मा प्रश्न त्या ऑइलमध्येच आहे.

दुसरी गोष्ट, हवा दाबली की ती तापते. तापलेली हवा विरळ होते आणि इंजिनाला त्रास देते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारी जाळी बसवतात. तो इंटरकूलर. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या आत असतो, म्हणजे रस्त्यावरची धूळ आणि चिखल थेट त्याच्यावर येतो.

रिमॅप म्हणजे नेमकं काय बदलतं?

गाडीत एक संगणक असतो. कोणत्या वेगाला किती बूस्ट, किती इंधन, ठिणगी कधी, याचे तक्ते त्यात भरलेले असतात. ते तक्ते बदलणं म्हणजे रिमॅप. दुसरा स्वस्त प्रकार बॉक्सचा. तो सेन्सरच्या तारेत मध्ये बसतो आणि संगणकाला चुकीचा आकडा सांगतो. डिझेल गाडीत बऱ्याचदा असं होतं: इंधनाचा दाब कमी आहे असं बॉक्स कळवतो, संगणक तो वाढवतो, आणि खरा दाब किती झाला हे त्याला कळतच नाही. ज्या संगणकाने इंजिनाचं रक्षण करायचं, त्यालाच अंधारात ठेवायचं. रोजच्या गाडीत मला हा प्रकार अजिबात मान्य नाही.

इथे दोन शब्द वेगळे करून घेऊ. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. हॉर्सपॉवर म्हणजे तो जोर किती वेगाने लावला जातो याचं माप. ओव्हरटेक करताना पाठीला धक्का बसतो, तो टॉर्कचा. क्लचप्लेट घसरते, गिअरबॉक्स कुरकुरतो, पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो, तेही बहुधा टॉर्कमुळेच. आणि इंजिन कमी फेऱ्यांवर असताना जास्त टॉर्क मागितला तर सर्वांत जास्त. 'स्टेज १', म्हणजे पहिल्या पायरीचा रिमॅप, करून आलेली गाडी पहिल्याच दिवशी मन जिंकते, कारण तिथेच, खालच्या फेऱ्यांवर, जोर भरलेला असतो.

कंपनीने स्वतः ताकद वाढवली तेव्हा काय केलं ते बघा. आपल्याकडे गावोगावी पळालेलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन जुन्या स्विफ्टमध्ये ७५ हॉर्सपॉवरचं होतं आणि सियाझ-अर्टिगात ९० चं. या पंधरा हॉर्सपॉवरसाठी नुसते तक्ते बदलले नाहीत. टर्बोच वेगळा बसवला, ज्याची पाती वेगाप्रमाणे कोन बदलतात. आणि टॉर्क १९० न्यूटन-मीटरवरून (हे टॉर्कचं माप) फक्त २०० वर नेला. वरच्या फेऱ्यांवर ताकद दिली, खालचा धक्का जवळपास तेवढाच ठेवला. इंजिन बनवणाऱ्यांचं शहाणपण या दोन आकड्यांत आहे.

मग कंपनीने ताकद हातची राखलीच कशाला?

जाहिरातीत सांगतात की कंपनी मुद्दाम गाडी दाबून ठेवते. राखीव ताकद असते हे खरं. ती कशासाठी असते, ते कुणी सांगत नाही.

वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागाईतदाराला हे लगेच उमगेल. जानेवारीत विहिरीला पाणी चांगलं दिसतं. कुणी म्हणतं, एवढं पाणी पडून आहे, आणखी एक पीक घ्या. पण ते पाणी पडून नसतं, मे महिन्यात बाग जगवण्यासाठी राखलेलं असतं. इंजिनातली शिल्लकही तशीच. चांगलं इंधन, थंड हवा, रिकामी गाडी, वेळेवर बदललेलं ऑइल असेल तेव्हा ती शिल्लक दिसते. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, गाडीत सात माणसं आणि लग्नाचं सामान असतं, एसी पूर्ण चालू असतो, तेव्हा ती खर्ची पडत असते.

आकड्यांत मांडतो. वीस अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबली, तर टर्बोतून निघताना ती साधारण ११० अंशांवर असते. पंचेचाळीस अंशांची हवा तेवढीच दाबली, तर १४५ च्या आसपास. बाहेर पंचवीस अंशांचा फरक, आत पस्तीसचा. इंटरकूलर ती थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आणि तापलेल्या डांबरावर बंपरच्या उंचीला हवा हवामान खात्याच्या आकड्याहून गरमच असते. शिवाय पंचेचाळीस अंशांची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ. तेवढीच ताकद हवी तर टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणजे पुन्हा जास्त उष्णता. रेडिएटरच्या समोर एसीची जाळी असते. तीही आपली उष्णता त्याच वाऱ्यात सोडते.

पेट्रोल इंजिनात या उष्णतेचा परिणाम म्हणजे नॉकिंग. ठिणगीने पेटलेली ज्वाळा पसरायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घाव बसतो. कंपनीच्या संगणकाला हे नॉक सेन्सरवरून कळतं; तो ठिणगी उशिरा देतो, बूस्ट कमी करतो. म्हणून रिमॅप केलेली गाडी डिसेंबरात झेपावते आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, बरीचशी पूर्वीसारखीच वाटते. हे चांगलं लक्षण आहे, संगणक आपलं काम करतोय. भीती त्या गाडीची, जी नवतपातही डिसेंबरासारखीच झेपावते. तिथे रिमॅप करणाऱ्याने संरक्षणाचे तक्तेच ढिले केले असण्याची शक्यता असते.

डिझेलला नॉकिंगचा असा प्रश्न नाही. तिथे मर्यादा येते ती धुराच्या तापमानाची आणि सिलिंडरमधल्या दाबाची. काळा धूर निघू लागला तर हवेच्या मानाने इंधन जास्त पडतंय, आणि ती उष्णता टर्बोला भाजते.

"माह्या दोस्ताले तर काहीच नाही झालं"

खरं असेल. पण दोस्ताची गाडी वर्षाला किती चालते, कुठे चालते, कोण चालवतं? रिमॅपने इंजिन एका दिवसात सहसा फुटत नाही. क्लच लवकर झिजतो, टर्बोच्या सीलमधून ऑइल गळायला लागतं, रबरी पाइप फुगतात. तो खर्च कालांतराने येतो, आणि तेव्हा गॅरेजमध्ये कुणी त्याचा रिमॅपशी संबंध जोडत नाही. वापरलेली टर्बो गाडी विकत घेणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात घ्यावं. आधीच्या मालकाने काय करून घेतलं होतं, ते विचाराच.

पहिला खर्च थंडाव्यावर

माझं ठाम मत आहे: ताकदीवर पहिला रुपया घालण्याआधी गाडी थंड आणि स्वच्छ ठेवण्यावर खर्च करा. बऱ्याच वेळा हरवलेली ताकद तिथेच सापडते आणि रिमॅपची गरजच उरत नाही.

सुरुवात ऑइलपासून. कंपनी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते, पण त्याच पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळं, आधीचं वेळापत्रक बहुधा दिलेलं असतं. धूळ, कडक ऊन, छोट्या छोट्या फेऱ्या, पूर्ण भार हे सगळं कठीण वापरात मोडतं. म्हणजे आपला रोजचा वापर. सात हजारांच्या आसपास ऑइल बदलणं टर्बोसाठी सर्वांत स्वस्त विमा आहे. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० वगैरे दाटपणाच्या आकड्यांइतकंच त्याखालचं मानक महत्त्वाचं. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवर मिश्रण अवेळी पेटण्याचा धोका असतो. २०२० मध्ये आलेलं ऑइलचं एपीआय एसपी मानक तो धोका धरून तपासलेलं आहे. बीएस-६ डिझेलला मात्र कमी राखेचं ऑइल लागतं. पुस्तिकेत लिहिलेलंच मानक घ्या, दुकानदाराने 'हे जाड आहे, जास्त टिकतं' म्हटलं तरी.

मग कूलंट. इथे आपल्या भागाची खास अडचण आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. त्याबाहेरही बोअरचं पाणी जड असतं. ते पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात. एखाद्या वेळी रस्त्यात नाइलाज झाला तर ओतावं लागतं, पण घरी आल्यावर ते काढून तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात पुस्तिकेप्रमाणे मिसळलेलं कूलंट भरा. रेडिएटरचं झाकणही बघून घ्या. आतला दाब टिकला तरच कूलंट उशिरा उकळतं, आणि ढिल्या झाकणाने नवं कूलंटही वाया जातं.

एअर फिल्टरच्या बाबतीत बाजारातला लोकप्रिय सल्ला आपल्याकडे उलटा पडतो. तेल लावलेला, धुऊन वापरायचा फिल्टर हवा मोकळी सोडतो हे खरं, पण असे फिल्टर बहुधा बारीक धूळही जास्त सोडतात. जास्त तेल लागलं तर हवा मोजणारा सेन्सरही खराब होतो. सोयाबीन निघतं तेव्हा हडंब्याच्या (मळणी यंत्राच्या) शेजारून गेलेल्या गाडीचा फिल्टर उघडून बघा, मग पटेल. ती धूळ टर्बोच्या पात्यांवर आदळते आणि सिलिंडरही झिजवते. कंपनीचाच कागदी फिल्टर लावा आणि सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदला.

इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळ्या पावसाळा संपल्यावर आणि कापसाच्या हंगामानंतर तपासायच्या. काळ्या मातीचा वाळलेला चिखल आणि जिनिंगच्या आसपास उडणारी रुई त्यात घट्ट बसते. मंद धारेच्या पाण्याने धुवा. जोराच्या प्रेशरने पातळ पत्रे वाकतात. त्याच वेळी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप हाताने चाचपून घ्या. तेलकट ओल, भेगा, ढिला क्लॅम्प दिसला तर दाबलेली हवा तिथून निसटते. 'पिकअप गेला' म्हणून रिमॅपला निघालेल्या गाडीत एखादा फाटलेला पाइप निघणं अगदी शक्य आहे.

पेट्रोल असो वा डिझेल, समृद्धीवरून १२० ने येऊन थेट ढाब्यावर किंवा पंपावर थांबलात तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा. लगेच बंद केलं की टर्बोतलं ऑइल थांबतं आणि तापलेल्या दांड्यावर करपून चिकटतं. काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती कूलंट फिरवणारा विजेचा पंप असतो. तुमच्या गाडीत नसेल तर ही सवय हवीच. गावातून सावकाश घरी आलात तर थांबायची गरज नाही.

गाडी पळवायच्या आधी थांबवायची सोय

ताशी ८० वरून १२० वर गेलात की गाडीतली ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओलावा शोषल्यावर तीच किमान मर्यादा १५५ वर येते. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना पेडल मऊ लागलं, तर ऑइल उकळत असण्याची शंका घ्या. दर दोन वर्षांनी ते बदला. टायरवरचा वेगाचा आणि भाराचा सांकेतिक आकडा कंपनीपेक्षा कमी असू देऊ नका, आणि हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

तरीही रिमॅप करायचाच आहे

करा, पण अशा माणसाकडून, जो आधी तुमच्या गाडीचे आकडे वाचतो. चालत्या गाडीत बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, नॉकमुळे ठिणगी किती मागे गेली, हे सगळं संगणकातून दिसतं. रिमॅपच्या आधी आणि नंतर ही नोंद दाखवायला तयार नसेल तर तिथून उठा. मूळ फाइल जपून ठेवतो का, कंपनीत गाडी नेताना परत घालून देतो का, हेही विचारा. आणि शक्य असेल तर काम एप्रिलमध्ये करून घ्या, म्हणजे चाचणी खऱ्या उन्हात होईल.

टॉर्कचं सरळ सांगा: खालच्या फेऱ्यांवर वाढवू नका, मधल्या आणि वरच्या फेऱ्यांवर थोडं द्या. गिअरबॉक्सची मर्यादा माहीत करून घ्या. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटरची आहे, आणि त्यासोबत येणारं दीड लिटरचं टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिनही नेमकं २५० वर ठेवलेलं आहे. तिथे शिल्लक उरते कुठे? मॅन्युअल गाडीत क्लच आधी घसरेल, तो निदान बदलता येतो.

वीस-पंचवीस टक्के मिळत असतील तर दहा-बारावर थांबा. फरक जाणवतो, आणि उन्हाळ्याची शिल्लकही बरीचशी राहते.

ई-२० पेट्रोलने काय फरक पडतो?

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता बहुतेक पंपांवर मिळतं. इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक-तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. पण नॉकिंग रोखण्याची इंधनाची क्षमता, म्हणजे ऑक्टेन, इथेनॉलने वाढते. साधं पेट्रोल बराच काळ ९१ ऑक्टेनचं होतं. ई-२० चं मानक ९५ चं आहे. टर्बोला ही गोष्ट मानवते. मात्र इथेनॉलला जास्त इंधन फवारावं लागतं, त्यामुळे जुन्या इंधनावर केलेला रिमॅप नव्यावर पुन्हा तपासायला हवा. तुमची गाडी ई-२० साठी आहे की नाही हे पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणाजवळ बघा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणाऱ्यांनी टाकी अर्धी रिकामी ठेवू नये.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेले, उत्पादकाने ठरवलेले तपशील बदलतील असे फेरफार मालकाला परस्पर करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. रिमॅप आरसीवर दिसत नाही म्हणून तो निर्धोक आहे असं समजू नका. इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी त्याने जाऊ शकते. विमा कंपनीला लेखी कळवलं नसेल तर अपघातानंतर दावा अडू शकतो. कळवा, जादा हप्ता सांगितला तर भरा, आणि पावती जपून ठेवा.

आणि डिझेलवाल्यांना दिला जाणारा तो सल्ला

बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरली की दिवा लागतो, आणि काही जण सांगतात, काढून टाका, गाडी मोकळी होईल. काढू नका. तो प्रदूषण नियमांचा सरळ भंग आहे, आणि ती काजळी आपल्याच अंगणात, आपल्याच लेकरांच्या छातीत जाते. जाळी भरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या. साचलेली काजळी जाळून टाकायला गाडीला सलग चालणं लागतं. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर ताशी साठ-सत्तरने, एक गिअर खाली ठेवून चालवा. दिवा लागल्यावरही हेच करा, गाडी मध्येच बंद न करता. एवढं करूनही दिवा गेला नाही, तर गॅरेजमध्ये आधी इंजेक्टर, टर्बोचे पाइप आणि तापमानाचा सेन्सर तपासायला सांगा, कारण बऱ्याचदा दोष जाळीच्या अलीकडेच असतो.